संगणकाची स्मृती आणि कारभाराचा हिशेब

(फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयाच्या सभागृहात शिक्षक, शासकीय कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासमोर विभागाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रारंभीच एक कबुली देतो. मी संगणकशास्त्राचा अभ्यासक नाही. माझी पदवी कला शाखेची. मराठी वाङ्मय आणि इतिहास हे माझे विषय. माझे काम प्रसिद्धिपत्रके लिहिण्याचे. अशा माणसाने सर्व्हरच्या स्मृतीवर, म्हणजे ज्याला आपण सारे 'मेमरी' म्हणतो तिच्यावर बोलावे, हे आपणांस काहीसे विचित्र वाटेल. परंतु हा विषय मला शिकावा लागला तो एका गृहस्थाने विचारलेल्या प्रश्नामुळे. तो प्रश्न आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना होता. शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाचे ऐन दिवस. एका कार्यालयातून संगणकावर दिले जाणारे दाखले अकस्मात बंद झाले. कार्यालयाचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. असा प्रसंग कोणत्याही कार्यालयावर येऊ शकतो. मी प्रसिद्धिपत्रक लिहिले, 'तांत्रिक अडचणीमुळे सेवा तात्पुरती बंद असून ती उद्यापासून पूर्ववत सुरू होईल.' दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली नाही. मी तेच पत्रक तारीख बदलून पुन्हा पाठविले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या दिवशी दुपारी सत्तरीतून आलेले एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मुलीच्या प्रवेशासाठी त्यांना दाखला हवा होता. सलग तिसऱ्या दिवशी बस पकडून ते आले होते. हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. ते माझ्यापुढे ठेवून त्यांनी अगदी शांतपणे विचारले, "साहेब, ह्यातला उद्या कुठल्या तारखेचा?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्या अडचणीला मी तीन दिवस 'तांत्रिक' म्हणत होतो, ती नेमकी कोणती हे मी कोणालाही विचारलेले नव्हते. त्या संध्याकाळी घरी न जाता मी संगणक कक्षात जाऊन बसलो. त्या रात्री जे पाहिले व पुढे जे वाचून समजून घेतले, ते आज आपणांपुढे मांडीत आहे.

चार ओळींची दुरुस्ती

प्रथम मला कळले ते असे, की मूळ चूक अत्यंत लहान होती. दाखल्यावर काही अर्जदारांची जन्मतारीख चुकीची छापली जात होती. चुकीचा दाखला देण्यापेक्षा सेवा थांबविलेली बरी, हा निर्णय योग्यच होता. चूक सापडली, दुरुस्तीही लिहून झाली. दुरुस्ती अवघी चार ओळींची होती. मग तीन दिवस कशाला लागले?

याचे उत्तर 'बिल्ड' या शब्दात आहे. बिल्ड म्हणजे बांधणी. अभियंते प्रोग्राम लिहितात तो माणसाला वाचता येईल अशा लिपीत. यंत्राला तो तसाच उपयोगी पडत नाही. त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे लागते. इतरांनी पूर्वी लिहून ठेवलेले शेकडो तयार भाग गोळा करून त्याला जोडावे लागतात. नंतर त्याच्या चाचण्या घ्याव्या लागतात, आणि अखेरीस सर्व काही एका गठ्ठ्यात बांधून प्रत्यक्ष सेवेच्या सर्व्हरवर पाठवावे लागते. हे सारे ज्या यंत्रावर होते तो बिल्ड सर्व्हर. मोठ्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये चार ओळी बदलल्या तरी सर्व चाचण्या पुन्हा घेऊन संपूर्ण बांधणी नव्याने करण्याचा प्रघात असतो. कारण एका ठिकाणच्या बदलाने दुसरीकडे काय बिघडेल हे चाचणीवाचून समजत नाही. आपल्या खाजन शेतीत बांधाला एके ठिकाणी डागडुजी केली, तरी भरतीच्या आधी मानशीपर्यंत सगळा बांध पाहून यावा लागतो, तसेच हे आहे.

ही बांधणी त्या कार्यालयात तीन रात्री अर्ध्यावर कोसळत होती. कारण एकच सांगितले जात होते, 'मेमरी कमी पडते.'

ओटा आणि कोठी

मेमरी कमी पडते म्हणजे काय होते? देवळातील महाप्रसादाचा स्वयंपाक आपण सर्वांनी पाहिला आहे. तेथे दोन जागा असतात. एक कोठीची खोली. तांदूळ, डाळ, नारळ, गूळ तेथे भरून ठेवलेले असतात. दुसरी जागा चुलीजवळच्या ओट्याची. ज्या जिनसांवर त्या घडीला हात चालायचा, त्याच तेवढ्या तेथे मांडतात. संगणकाची डिस्क म्हणजे कोठी आणि मेमरी म्हणजे ओटा. कोठी कितीही भरलेली असो. ओटा अपुरा असेल तर स्वयंपाक अडतो. वीज गेली की ओट्यावरचे सारे नाहीसे होते, कोठीतले राहते. 'एवढी मोठी डिस्क घेतली, तरी मेमरी कशी कमी पडते?' असे पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर हेच, की या दोन जागा निरनिराळ्या आहेत.

तयार सॉफ्टवेअर चालविण्यापेक्षा ते बांधण्यास पुष्कळदा अधिक मेमरी लागते. पंगतीला वाढताना ओट्यावर फारसा पसारा नसतो. रांधताना मात्र नारळ, परात, विळी, वाटण, उकळता टोप सर्व एकाच वेळी हाताशी लागते. भाषांतर करणारा प्रोग्राम ग्रंथातील शब्दांचे परस्परसंबंध डोळ्यांपुढे धरून ठेवतो. चाचण्यांच्या वेळी तर सॉफ्टवेअरच्या अनेक प्रती एकाच वेळी चालविल्या जातात.

ही टंचाई नवीन नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची मुख्य स्मृती २०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० अंशांचा. आजच्या मापाने ती सुमारे दहा किलोबाइट भरते. त्या कार्यालयातील बिल्ड सर्व्हरची मेमरी होती १६ गिगाबाइट; म्हणजे टिफ्रॅकच्या सोळा लाख पटींहूनही अधिक. तरीही ती पुरत नव्हती. यावरून एवढे दिसते, की 'कमी' हा शब्द केवळ पुरवठ्याविषयी बोलत नाही, वापराविषयीही बोलतो.

तीन उपाय, तीन रात्री

पहिल्या रात्री सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला गेला. सर्व प्रक्रिया निघून गेल्याने ओटा रिकामा झाला, बांधणी आदल्या वेळेपेक्षा पुढे सरकली आणि मग कोसळली. दुसऱ्या रात्री कोणीतरी सुचविले, 'मेमरी कमी पडते ना, मग मर्यादा वाढवा.' बांधणीच्या मुख्य प्रक्रियेला दोन गिगाबाइटपर्यंत मेमरी वापरण्याची मुभा होती, ती आठ करण्यात आली. त्या रात्री बांधणी अधिकच लवकर कोसळली. मेमरी वाढवून दिली आणि काम आधीच बिघडले, ही गोष्ट तेथील कोणालाच उलगडेना. तिसऱ्या दिवशी नवीन मेमरी खरेदी करण्याचा प्रस्ताव तयार होऊ लागला. खरेदीच्या प्रस्तावाचा प्रवास किती टेबलांवरून होतो, हे येथे बसलेल्या अधिकारी मित्रांना मी सांगावयास नको. प्रवेशाची मुदत काही त्याची वाट पाहणार नव्हती.

मी गेलो ती तिसरी रात्र. कक्षात कंत्राटी पद्धतीने काम करणारी एक तरुण अभियंता होती आणि कार्यालयाचे लेखापाल होते. लेखापाल निवृत्तीला आलेले. खरेदीच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी खर्च कशासाठी आहे ते समजून घ्यावे म्हणून ते थांबले होते. त्या मुलीने आधी कशालाच हात लावला नाही. तिने कागद घेतला आणि दोन प्रश्न लिहिले. पहिला, काम कोणी थांबविले? दुसरा, पूर्वी चालत होते, मग मध्यंतरी काय बदलले?

दोन मर्यादा

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व मला नंतर उमगले. सर्व्हरवर मेमरीच्या दोन स्वतंत्र मर्यादा असतात आणि त्या ओलांडल्याची लक्षणेही वेगळी.

त्या कार्यालयाचे सॉफ्टवेअर जावा या भाषेत लिहिलेले होते. जावा ही भाषा १९९५ साली प्रसिद्ध झाली व कारभाराच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा वापर सर्वत्र आढळतो. जावाची प्रत्येक प्रक्रिया आपल्या सामानासाठी एक राखीव जागा ठेवते. तिला 'हीप' म्हणतात. हीप म्हणजे रास, खळ्यावरची धान्याची रास असते तशी. या राशीला कमाल मर्यादा घालून देता येते. न घातली तर जावा सामान्यतः यंत्राच्या एकूण मेमरीच्या एक चतुर्थांश एवढी मर्यादा आपणच ठरविते. ही मर्यादा भरली की प्रक्रिया स्वतः तक्रार करते. 'हीपमध्ये जागा नाही' असा स्पष्ट संदेश नोंदीत उमटतो. हा पहिला प्रकार. यात मर्यादा वाढविणे हा एक उपाय ठरू शकतो.

दुसरी मर्यादा खुद्द यंत्राची. सर्व प्रक्रियांनी मिळून यंत्राची मेमरी संपविली, की लिनक्स ही कार्यप्रणाली सर्व व्यवस्था ठप्प होऊ नये म्हणून एखाद्या प्रक्रियेचा बळी देते. बळी निवडताना ती मुख्यतः कोण सर्वांत जास्त मेमरी व्यापून बसले आहे हे पाहते. ज्याला मारले जाते त्याला तक्रार करण्याचीही सवड मिळत नाही. बांधणीच्या नोंदीत केवळ 'प्रक्रिया अचानक नाहीशी झाली' किंवा 'अमुक कामगार १३७ या अंकाने संपला' एवढेच दिसते. हा १३७ गूढ नाही. सक्तीने ठार करण्याच्या संकेताचा क्रमांक ९, संकेताने संपलेल्या कामाच्या निकालात १२८ मिळवितात, बेरीज १३७. परंतु एवढ्यावर विसंबून चालत नाही, कारण हाच संकेत एखादा माणूसही देऊ शकतो. म्हणून कार्यप्रणालीची स्वतःची नोंदवही उघडून तेथे 'मेमरी संपल्यामुळे अमुक प्रक्रिया ठार केली' अशी ओळ आहे की नाही, हे पडताळावे लागते.

त्या मुलीने ती नोंदवही उघडली. ओळ तेथे होती. पहिल्या रात्रीची, दुसऱ्या रात्रीचीही. तीन दिवस कोणी ती वाचली नव्हती, कारण सर्वजण बांधणीच्या नोंदीची शेवटची ओळ वाचीत होते, आणि कारण दुसऱ्याच वहीत लिहिलेले होते.

मंजुरी आणि शिल्लक

आता दुसरा प्रश्न. काय बदलले? बदलांची नोंद ठेवणारी वही त्या कक्षात नव्हती, म्हणून जुने आदेश चाळून पाहावे लागले. तेव्हा दोन गोष्टी आढळल्या. पूर्वी चाचण्या एकच कामगार-प्रक्रिया घेत असे. काम लवकर व्हावे म्हणून पंधरा दिवसांपूर्वी त्या चार करण्यात आल्या होत्या, आणि प्रत्येकीस दोन गिगाबाइटची मुभा होती. त्यातच दुसऱ्या एका योजनेची बांधणीही याच सर्व्हरवर आणली गेली होती. ती रोज रात्री ठराविक वेळी आपोआप सुरू होई व तिला चार गिगाबाइटची मुभा होती.

मुलीने बेरीज मांडली. मुख्य प्रक्रिया आठ, चार कामगारांचे मिळून आठ, दुसरी बांधणी चार. एकूण वीस. यंत्रात सोळा. शिवाय हीपची मर्यादा ही जावाच्या प्रक्रियेची एकूण मर्यादा नव्हे. प्रोग्रामच्या रचनेची माहिती, कामाचे धागे, रूपांतरित आज्ञा यांना हीपच्या बाहेर निराळी जागा लागते. कार्यप्रणालीलाही स्वतःपुरती काही हवीच. म्हणजे तूट विसांतून सोळा वजा केल्यावर येते त्याहूनही मोठी होती.

लेखापाल इतका वेळ गप्प होते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाय, हे तू जावाचे सांगतेस की आमच्या अंदाजपत्रकाचे?" मी हसलो, पण मुलगी म्हणाली, "सर, अगदी तेच." आणि ते खरोखर तसेच आहे. लिनक्स मेमरी मागणाऱ्यास सामान्यतः उदार हाताने मंजुरी देते. सर्वजण एकाच वेळी पूर्ण रक्कम उचलणार नाहीत, या भरवशावर ती हातातील शिल्लकेपेक्षा अधिक मंजूर करून ठेवते. एरवी हा भरवसा खरा ठरतो. परंतु मार्चअखेरीस सगळी खाती एकदम बिले घेऊन कोषागारात आली, तर मंजुरीच्या कागदाने पैसे उभे राहत नाहीत. बांधणीच्या रात्री त्या सर्व्हरवर मार्चअखेर होत होती.

दुसऱ्या रात्रीचे कोडे येथे सुटले. मुख्य प्रक्रियेस आठची मुभा दिली, म्हणजे मंजुरी वाढविली. शिल्लक तेवढीच राहिली. तूट वाढली म्हणून काम लवकर कोसळले. आणि ती वाढ ज्यांना हवी होती त्या चाचणी-कामगारांना पोहोचलीच नव्हती, कारण जावाच्या बांधणीसाठी वापरल्या जाणाऱ्या 'ग्रॅडल'सारख्या साधनात प्रत्येक कामगार ही स्वतंत्र प्रक्रिया असते. मुख्य प्रक्रियेची मर्यादा कामगाराकडे वारशाने जात नाही, ती वेगळी सांगावी लागते. कामगाराला हवे ते मुकादमाच्या नावे मंजूर झाले होते.

याच हिशेबात एक छुपा खर्चही निघाला. ग्रॅडल आपली मुख्य प्रक्रिया काम संपल्यावर लगेच बंद करीत नाही. पुढचे काम लवकर सुरू व्हावे म्हणून ती काही काळ, सामान्यतः तीन तास, तशीच जागी ठेवते. निरनिराळ्या मर्यादा घालून बांधणी पुन्हा पुन्हा केली, की अशा प्रक्रिया एकीमागून एक साचतात. दुरुस्तीच्या खटपटीनेच ओटा अडविला जातो तो असा.

गळती की गरज

आता शिक्षक मित्र विचारतील, की हिशेब बरोबर असूनही मेमरी कमी पडली तर? तेव्हा एक भेद करावा लागतो, गरज आणि गळती यांचा.

जावासारख्या भाषांत नको असलेले सामान उचलून टाकण्याची सोय यंत्रातच असते. हिला 'कचरा-संकलन' म्हणतात. ही कल्पना जॉन मॅकार्थी या अमेरिकन संशोधकाने १९५९ च्या सुमारास लिस्प या भाषेसाठी प्रथम राबविली. संकलक फक्त तेच उचलतो, ज्याकडे प्रोग्राममधील कोणताही दुवा पोहोचत नाही. एखादी वस्तू उपयोगाची राहिली नाही, पण कोणत्यातरी यादीत तिचे नाव राहून गेले, तर ती फेकली जात नाही. अशा वस्तू साठत गेल्या की तिला गळती म्हणतात.

ओळखण्याची खूण सोपी आहे. मेमरीच्या वापराचा आलेख काढला तर तो करवतीच्या दातांसारखा दिसतो. वापर चढतो, संकलन झाले की उतरतो. प्रत्येक वेळी तो ज्या पातळीपर्यंत खाली येतो ती पातळी पाहावी. ती स्थिर असेल आणि तरीही शिखरे मर्यादेला भिडत असतील, तर गरज खरी आहे; मेमरी वाढवावी किंवा काम विभागावे. ती पातळीच हळूहळू वर सरकत असेल, तर गळती आहे. मेमरी दुप्पट केली तरी फक्त कोसळण्याची वेळ पुढे जाईल. अखेरच्या अवस्थेत प्रक्रिया मरतही नाही आणि कामही करीत नाही. तिचा सारा वेळ कचरा वेचण्यात जातो. जावाच्या एका प्रचलित संकलकात तर नियमच आहे, की ९८ टक्क्यांहून अधिक वेळ संकलनात जाऊन २ टक्क्यांहून कमी जागा मोकळी होत असेल, तर काम थांबवून तसे जाहीर करावे. कारभारातही असा नियम असता तर बरे झाले असते, असे मला कधी कधी वाटते.

मेमरी अपुरी असता डिस्कचा काही भाग मेमरीसारखा वापरण्याची सोयही असते. ती अडीनडीला उपयोगी आहे. परंतु ओट्यावर जागा नाही म्हणून प्रत्येक चमचा कोठीत ठेवून पुन्हा आणायचा म्हटले तर स्वयंपाक किती वेळ चालेल? अशी बांधणी कोसळत नाही, रांगत राहते.

यंत्र भाड्याच्या खोलीसारखे विभागून दिलेले असेल, तर आणखी एक सावधगिरी हवी. अशा विभागाला 'कंटेनर' म्हणतात. जावाच्या जुन्या आवृत्त्या खोलीची नव्हे तर सबंध घराची मेमरी मोजून आपली मर्यादा ठरवीत आणि मग हकनाक मारल्या जात. २०१८ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून, व त्याच वर्षी आठव्या आवृत्तीला मिळालेल्या सुधारणेपासून, ही त्रुटी बऱ्याच अंशी दूर झाली. जुनी आवृत्ती अद्याप वापरात असेल तेथे हे आधी पाहावे.

गोपनीयतेचा प्रश्न

गळती शोधताना त्या क्षणी हीपमध्ये काय काय होते याची संपूर्ण प्रत फाईलमध्ये उतरवून घेतात. अभियंत्यांना तिचा फार उपयोग होतो. कोणत्या जातीच्या वस्तूंनी किती जागा व्यापली आहे हे त्यातून दिसते. परंतु अधिकारी मित्रांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती प्रत म्हणजे निव्वळ आकडेवारी नव्हे. मेमरीत त्या वेळी जे होते ते सर्व तिच्यात उतरते. चाचणीसाठी नागरिकांचे खरे अर्ज वापरले असतील तर त्यांची नावे, जन्मतारखा, इतकेच काय, संकेतशब्दही तिच्यात असू शकतात. अशी फाईल कोणालाही सहज पाठवून देणे म्हणजे दाखल्यांची फाईल बाजारात उघडी ठेवण्यासारखे आहे. चाचण्या खोट्या, बनविलेल्या माहितीवरच घ्याव्यात, आणि अशी प्रत कुलूपबंद दप्तरासारखी जपावी.

त्या रात्री काय केले

त्या रात्री इतके खोल जावे लागले नाही. मुलीने प्रथम साचलेल्या जुन्या प्रक्रिया बंद केल्या. मुख्य प्रक्रियेची मर्यादा आठवरून तीनवर आणली. चाचणी-कामगार चारांऐवजी दोन ठेवले, प्रत्येकी दोन गिगाबाइटचे. दुसऱ्या योजनेची बांधणी पहाटेनंतर सरकविली. आता बेरीज झाली सात. सोळापैकी उरलेल्या जागेत हीपबाहेरचा खर्च आणि कार्यप्रणाली सुखाने सामावत होती.

येथे मी तिला विचारले, "एवढी जागा मोकळी आहे, तर कामगार तीन का नकोत?" ती म्हणाली, "सर, आज बांधणी पूर्ण होऊ द्या. किती वापर झाला ते मोजू. मग उद्या एकच गोष्ट बदलू आणि पुन्हा मोजू. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळणार नाही." मग थोडे थांबून म्हणाली, "आज मी चार गोष्टी बदलल्या, कारण लोक थांबलेत. पण चारही लिहून ठेवल्यात." तिने एक साधी वही काढली होती. तारीख, वेळ, काय बदलले, का बदलले, कोणी बदलले. पंधरा दिवसांपूर्वी कामगार वाढविणाऱ्याने ही एक ओळ लिहिली असती, तर तीन रात्री वाचल्या असत्या. त्याने चूक केली असे मी म्हणणार नाही. काम लवकर व्हावे हाच त्याचा हेतू होता. चूक होती ती वही नसण्याची.

बांधणी नेहमीपेक्षा सावकाश झाली, पण पूर्ण झाली. पहाटे चारच्या सुमारास तयार गठ्ठा सेवेच्या सर्व्हरवर गेला. लेखापालांनी खरेदीचा प्रस्ताव फाडला नाही. फाईलमध्ये ठेवून त्यावर लिहिले, 'एक महिना वापर मोजून मग सादर करावा.' मला ते फार योग्य वाटले. मेमरी कधी विकत घेऊच नये असे नाही. हिशेब करूनही गरज खरी ठरली तर ती घेतलीच पाहिजे. माणसांच्या जागरणापेक्षा ती स्वस्त आहे. फक्त मोजमाप आधी आणि मागणी नंतर, एवढाच क्रम हवा.

प्रसिद्धिपत्रकातील शब्द

आता माझ्या स्वतःच्या कामाकडे येतो. पहाटे मी चौथे प्रसिद्धिपत्रक लिहिले. त्यात 'तांत्रिक अडचण' हे शब्द नव्हते. काही दाखल्यांवर जन्मतारीख चुकीची छापली जात असल्याचे आढळल्यामुळे सेवा थांबविली होती. दुरुस्त सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या सर्व्हरवर एकाच वेळी जास्त कामे लावली गेल्याने विलंब झाला. ते आता सुधारले असून आज सकाळी दहापासून दाखले मिळतील. ज्यांच्याकडे आधीचे दाखले आहेत त्यांनी जन्मतारीख तपासून घ्यावी, असा साधा मजकूर होता. तारीख आणि वार लिहिले. ते वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी येणार, म्हणून कार्यालयाच्या फलकावर त्याची प्रत आधी लावली व तालुक्यांच्या कचेऱ्यांना दूरध्वनीने कळविले. 'सर्व्हरवर जास्त कामे लावली' हे कबूल करावे का, असा प्रश्न वरिष्ठांनी विचारला. मी म्हणालो, की लोकांना हे समजते. घरात एका चुलीवर दोन टोप चढवून बसलेली माणसे आहेत ती. त्यांना न समजणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तारीख नसलेला 'उद्या'.

सत्तरीच्या त्या गृहस्थांना दाखला त्याच दिवशी दुपारी मिळाला. मुदत अद्याप संपली नव्हती. परंतु चार दिवसांचे बसभाडे आणि चार दिवसांची बुडालेली रोजी त्यांना परत मिळाली नाही. ती आमच्या न ठेवलेल्या वहीची किंमत होती, आणि ती त्यांनी भरली.

म्हणून आपणां सर्वांस एकेक विनंती करतो. अधिकारी मित्रहो, आपल्या कार्यालयातील सर्व्हरवर कोणकोणती कामे चालतात, प्रत्येकास किती मेमरी मंजूर आहे आणि यंत्रात एकूण किती आहे, याचा एक पानाचा तक्ता मागवा. बेरीज आपणांस येते. जावा येण्याची आवश्यकता नाही. शिक्षकहो, संगणकाच्या तासाला विद्यार्थ्यांना बटणे दाबण्याबरोबरच चुकीचा संदेश पूर्ण वाचण्याची, पहिले कारण शोधण्याची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याची सवय लावा. प्रयोगशाळेत आपण तेच शिकविता. आणि ग्रामस्थहो, खिडकीवरून कोणी 'सर्व्हर डाऊन आहे' असे सांगितले तर रागावू नका, पण दोन प्रश्न जरूर विचारा. कारण काय? आणि तारीख कोणती? पहिल्याचे उत्तर नसेल तर दुसऱ्याचेही नसते, हा माझा अनुभव आहे.